बाथरूममधली बुरशी आणि घरच्यांची तब्येत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचा दुसरा आठवडा उजाडला की फोटो यायला लागतात. भिंतीचा कोपरा, काळे ठिपके आणि खाली "ताई, हे काय आहे, बाळाला काही होणार नाही ना?" मी डॉक्टर नाहीये, पण आमच्या डोंबिवलीच्या घरात हे दुखणं दोन पावसाळे अंगावर काढलंय, त्या काळात डॉक्टर, प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाले सगळ्यांना विचारून विचारून भंडावलंय आणि हाती लागेल ते वाचलंय. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. एखादी गोष्ट दुसऱ्या प्रश्नात सविस्तर असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. भिंतीवर आहे ती बुरशीच आहे की नुसता मळ? कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी नाक वापरा. बाथरूम तासभर बंद ठेवून दार उघडल्यावर कुबट वास आला, म्हणजे ओले कपडे बादलीत विसरल्यावर येतो तसा, तर बुरशी धरून चाला. बुरशीचे ठिपके गोलसर असतात, वाढत जाऊन एकमेकांना मिळतात आणि काळे, हिरवट, करडे असे कुठल्याही रंगाचे असू शकतात. मळ साबणाने गेला की महिनाभर येत नाही, बुरशी आठवड्याभरात त्याच जागी डोकं वर काढते.

दोन गोष्टींत मात्र लोक नेहमी फसतात. भिंतीवर पांढरी भुकटी फुलून येते आणि खालचं प्लास्टर भुसभुशीत होतं तो लोणा, बुरशी नव्हे. भिंतीतल्या ओलीबरोबर क्षार बाहेर येतात आणि पाणी सुकलं की तिथेच बसतात, थोडी भुकटी पाण्यात टाकली तर बहुतेक विरघळून जाते. लोण्याने खोकला होत नाही, पण भिंत आतून ओली आहे हे तो सांगतो त्यामुळे दुर्लक्ष करू नका. दुसरी म्हणजे बादलीच्या तळाला, शॉवरच्या कडेला येणारी गुलाबी बुळबुळीत पट्टी. ती बहुतेक वेळा बॅक्टेरियाची असते, साबणाच्या थरावर वाढते, ब्रशने घासून जागा कोरडी ठेवली की जाते.

२. आमच्याकडे वर्षभर काही नसतं, पावसाळ्यातच का येते?

बुरशीचे बीजाणू हवेत बाराही महिने असतात, तुमच्या घरात, माझ्या घरात, सगळीकडे. त्यांना फक्त ओल हवी असते. एखादी जागा सलग २४ ते ४८ तास ओली राहिली की त्यांचं काम सुरू. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणजे सकाळी आंघोळ केलेली भिंत रात्रीपर्यंत सुकतच नाही आणि तोवर दुसऱ्या दिवशीची आंघोळ येते. त्यात गिझरची वाफ, घरात दोरीवर वाळत घातलेले कपडे. साबणाचा आणि अंगाच्या मळाचा थर हे तिचं खाणं. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा असं सांगतात, आपल्याकडे पावसाळ्यात ते सबंध घरात जमणं कठीण आहे, पण बाथरूम सुकवणं नक्की जमतं.

आधी न्हाणीघर घराबाहेर असायचं, सांडपाणी केळीला, अळूला जायचं आणि ओल बाहेरच राहायची. आता ते बेडरूमला चिकटलंय, उशापासून चार हातांवर, हा फरक लोकांच्या लक्षातच येत नाही.

३. खरंच तब्येतीवर परिणाम होतो का, की उगाच घाबरवतात?

होतो, पण सगळ्यांना सारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्पष्ट म्हटलंय की ओल असलेल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर, श्वसनाचे संसर्ग आणि दम्याचा त्रास जास्त होतो. नेहमी दिसणारी लक्षणं म्हणजे सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, नाक गळणं किंवा चोंदणं, डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, रात्रीचा कोरडा खोकला. एक खूण लक्षात ठेवा, मी सगळ्यांना हीच विचारते: चार दिवस गावाला गेलात तर बरं वाटतं का, आणि घरी परत आल्यावर दोन दिवसांत पुन्हा सुरू होतं का? तसं असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, ते औषध देतील पण तुमच्या बाथरूमची भिंत त्यांना दिसत नसते.

क्वचित एखाद्याला फुफ्फुसात ॲलर्जीची सूज येते, ताप, धाप, वजन कमी होणं, ते गंभीर असतं आणि त्याला छातीच्या डॉक्टरांकडेच जायला हवं.

४. घरात कोणाला जास्त जपायचं?

तान्ही आणि लहान मुलं, दम्याचे पेशंट, म्हातारी माणसं, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे असे, म्हणजे केमोथेरपी चालू असलेले, किडनी वगैरे बदललेले, बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे. या शेवटच्या गटातल्या माणसाने बुरशी साफ करायला अजिबात हात लावू नये, साफसफाई चालू असताना घरातही थांबू नये, कारण ॲस्परजिलससारखी बुरशी त्यांच्या फुफ्फुसात खरोखर वाढू शकते.

दम्याच्या पेशंटबद्दल एक वेगळं सांगायचंय. काही जणांना याच ॲस्परजिलसची ॲलर्जी फुफ्फुसात घट्ट बसते, एबीपीए म्हणतात त्याला. नेहमीची औषधं चालू असूनही दमा आवरत नाही, खोकल्यातून घट्ट तपकिरी बेडके पडतात. असं असेल तर डॉक्टरांना नाव घेऊन विचारा, रक्ताच्या तपासणीने अंदाज येतो. आणि भिंत साफ झाली म्हणून दम्याचा पंप (इन्हेलर) आपल्या मनाने बंद करू नका.

५. ही काळी बुरशी म्हणजे कोविडच्या वेळची तीच का? सासूबाईंना शुगर आहे, फार भीती वाटते.

नाही. हा प्रश्न २०२१ पासून येतोय आणि गोंधळ नावामुळे आहे. दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' म्हणून जो आजार आला तो म्युकरमायकोसिस, त्याची बुरशी माती, कुजणारा पालापाचोळा, शेण, सडकी फळं यात असते. त्या आजारात काळं दिसायचं ते रक्तपुरवठा तुटून मेलेलं मांस, बुरशीचा स्वतःचा रंग काळा नव्हता. बाथरूमच्या टाइल्सवर येतात त्या जाती वेगळ्या, क्लॅडोस्पोरियम, ऑल्टरनेरिया वगैरे.

सासूबाईंची शुगर आटोक्यात ठेवणं हाच म्युकरपासून बचाव. पण डायबेटीस आहे आणि नाकाच्या एकाच बाजूने काळपट स्राव येतोय, चेहऱ्याची एक बाजू दुखतेय किंवा बधिर झालीय, डोळा सुजलाय असं दिसलं तर भिंतीकडे न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

६. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्यात, मुलाला नायटा झालाय. भिंतीवरच्या बुरशीमुळेच ना?

भिंतीवरची बुरशी वेगळी, नायट्याची वेगळी. नायटा, गजकर्ण आणि बऱ्याचदा चिखल्यासुद्धा ज्या बुरशीमुळे होतात ती माणसाच्या कातडीवर जगते आणि टॉवेल, चड्ड्या, मोजे, ओली पायपुसणी यांच्यातून पसरते. म्हणजे भिंत घासून नायटा जाणार नाही. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, पायपुसणं दर दोन दिवसांनी धुवून कडक वाळवलेलं, बोटांच्या बेचक्या कोरड्या. आणि मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका, आठ दिवस बरं वाटतं आणि मग नायटा अंगभर पसरतो.

७. खोकला जातच नाहीये, बुरशीचाच असेल का?

दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर घरातल्या बुरशीवर ढकलून मोकळे होऊ नका. सरकारी दवाखान्यात बेडक्याची टीबीची तपासणी फुकट होते, आधी ती करून घ्या. बुरशीने टीबी होत नाही, पण 'ओलीमुळे असेल' म्हणून टीबीची तपासणी महिनोन्महिने राहून गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

८. साफ कशी करायची? स्टेप बाय स्टेप सांगा.

डाग साधारण ३ फूट बाय ३ फुटांच्या आत असेल तर घरच्या घरी करा, त्याहून मोठा असेल किंवा गटाराचं पाणी आत येऊन झाला असेल तर कामवाला माणूस बोलवा.

मुलांना आणि आजी-आजोबांना दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी पाठवा. बाथरूमचं दार बंद, खिडकी उघडी. एन-९५ मास्क लावा, रुमाल बांधून उपयोग नाही, कारण बीजाणू काही मायक्रॉनचे असतात, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर विचार करा. रबरी हातमोजे, जुना चष्मा किंवा गॉगल. कोरडी बुरशी कधीही खरवडू नका, सगळ्यात मोठी चूक तीच, कोरडं घासलं की सगळं हवेत उडतं आणि तुमच्याच नाकात जातं. आधी स्प्रेने साबणाचं पाणी मारून भिजवायची, मग कपडे धुवायच्या पावडरच्या पाण्याने आणि ब्रशने घासायची, सांध्यांना जुना टूथब्रश, मग ओल्या फडक्याने पुसून घ्यायची आणि फडकं सरळ पिशवीत बांधून कचऱ्यात. शेवटी जागा कोरड्या कपड्याने पुसून पंखा लावून पूर्ण सुकवायची, ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि मग आठ दिवसांनी मला पुन्हा फोटो येतो.

टाइलसारख्या गुळगुळीत जागेवर साबण-पाणी आणि घासणं पुरतं. डाग राहिला तर ब्लीच, १ लिटर पाण्यात साधारण ६० मिलि, १० मिनिटं ठेवून धुवायचं. नुसती मारून टाकलेली बुरशी भिंतीवर तशीच राहिली तरी ॲलर्जी देतच राहते, त्यामुळे पुसून काढणं हेच खरं काम.

९. ब्लीचमध्ये थोडं टॉयलेटचं ॲसिड टाकलं तर लवकर निघेल का?

कधीही टाकू नका. हे कळकळीने सांगतेय. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन गॅस तयार होतो, छोट्या बंद बाथरूममध्ये तो मिनिटभरात फुफ्फुसं भाजतो. टॉयलेट क्लीनर, टाइल्सचं ॲसिड, व्हिनेगर, लिंबू, सगळ्याला हेच लागू. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको. कमोडमध्ये रात्री क्लीनर टाकून ठेवलाय आणि सकाळी त्याच बाथरूममध्ये ब्लीच वापरायचंय, तर आधी भरपूर पाणी सोडा. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही हे समजावून सांगा, बाटल्यांवर इंग्रजीत लिहिलेलं असतं आणि बहुतेक घरांत ते काम त्याच करतात.

चुकून झालंच तर लगेच बाहेर या, दार उघडं टाका, साफ करायला परत आत जाऊ नका. धाप लागली तर दवाखाना.

१०. मग व्हिनेगर, खायचा सोडा हे घरगुती उपाय चालतात का?

चालतात, थोड्या डागाला. पांढरं व्हिनेगर पाणी न घालता स्प्रे करून तासभर ठेवायचं आणि घासायचं. पण शहाबादी, कडाप्पा, कोटा, संगमरवर यांवर अजिबात नको, हे सगळे चुनखडीचे दगड आहेत, आंबट पडलं की चकाकी जाऊन पांढरे चट्टे पडतात आणि ते मग जात नाहीत. तिथे सोडा आणि साबण वापरा.

११. बेसिन आणि टाइल्समधली रबरासारखी पट्टी काळी झालीय, कितीही घासलं तरी जात नाही.

ती सिलिकॉनची पट्टी. बुरशी आत शिरलीय, वरून घासून जाणार नाही. ब्लेडने पट्टी कापून काढा, जागा घासून दोन दिवस पूर्ण सुकू द्या, मग बुरशीरोधक सिलिकॉन भरा आणि २४ तास पाणी लागू देऊ नका. टाइल्सच्या सांध्यात सफेद सिमेंट असेल तर ते पाणी पितं, दर पावसाळ्यात काळं पडतं, खोदून काढून इपॉक्सी ग्राउट भरलं तर वर्षानुवर्षं सुख. थोडं महाग पडतं पण पैसे वसूल होतात.

१२. साफ करतो, पंधरा दिवसांत परत येते. कंटाळलो आता!

मग पाणी कुठून येतंय ते अजून सापडलेलं नाही. दोनच शक्यता: वाफ हवेतून भिंतीवर बसतेय किंवा ओल भिंतीच्या आतून येतेय. घरी बघायची युक्ती अशी की भिंत वरून कोरडी पुसा, हातभर ॲल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. काढल्यावर फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ओल आतून येतेय, प्लंबर बोलवा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर वाफेचं काम, प्रश्न १३ बघा.

आमचं सांगते. मुलगा ४ वर्षांचा होता, दोन पावसाळे रात्री खोकून खोकून उलटी व्हायची. बाथरूम मी आरशासारखं ठेवायचे, एक ठिपका नव्हता. एका रविवारी त्याची गाडी पलंगामागे पडली म्हणून पलंग ओढला, तर मागच्या भिंतीवर, बरोबर त्याच्या उशीच्या उंचीला, हिरवट लव. हात लावला तर मखमलीसारखी आणि गार. त्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम. प्लंबरने फरशी उघडली तेव्हा न्हाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा सांधा सुटलेला निघाला, प्रत्येक आंघोळीचं पाणी थोडं थोडं भराव्यात मुरत होतं आणि भिंत ते वर ओढत होती. नुसता ट्रॅप बसवून भागलं नाही, ओला भराव काढून वॉटरप्रूफिंग आणि ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) नव्याने केला, भिंत महिनाभर उघडी ठेवून सुकवली. पुढच्या पावसाळ्यात पंप दोनदाच लागला.

म्हणून बाथरूमच्या पलीकडच्या भिंती बघा. कपाटाची मागची बाजू, पलंगाचं डोकं, देव्हाऱ्यामागचा कोपरा.

१३. एक्झॉस्ट फॅन आहे तरी वाफ जात नाही.

आंघोळ झाल्याबरोबर बंद करता का? आंघोळीच्या वेळी आणि नंतर २०-३० मिनिटं चालू पाहिजे. दार घट्ट लावलं आणि खाली फटच नसेल तर फॅन हवा ओढणार कुठून, दाराखाली बोटभर फट किंवा जाळी ठेवा. फॅनची पाती धुळीने जाड झाली असतील तर धुवा. आणि सगळ्यात स्वस्त उपाय वायपर: शेवटी आंघोळ करणाऱ्याने भिंत आणि फरशी ओढून घ्यायची, दोन मिनिटांचं काम. आमच्याकडे बाथरूमच्या दारामागे खिळ्याला वायपर टांगलाय आणि नियम सगळ्यांना सारखा.

१४. खिडकी डक्टमध्ये उघडते आणि तिथे कबुतरं आहेत. उघडी ठेवू का?

कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ बुरशीइतकीच, काही जणांना तिच्याहून वाईट. प्रश्न ३ मध्ये लिहिलेली फुफ्फुसांची सूज त्यानेही होते आणि वर्षानुवर्षं राहिली तर फुफ्फुसं कडक होतात. डक्ट सोसायटीकडून साफ करून जाळी बसवून घ्या, विष्ठा पाणी मारून ओली करूनच काढायला सांगा, आणि तोपर्यंत खिडकीऐवजी दार उघडं ठेवून खोलीचा पंखा लावा.

१५. वरच्या मजल्यावरून गळतंय आणि ते दाद देत नाहीत. खर्च कोणी करायचा?

महाराष्ट्रातल्या हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामायिक पाइप, ड्रेनेजची गळती सोसायटीच्या खर्चाने, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंकची गळती ज्याची त्या सभासदाच्या खर्चाने. आधी कारण पक्कं करा: वरच्यांच्या बाथरूमची जाळी बंद करून रंग घातलेलं पाणी २४ तास साठवायचं, रंग तुमच्या छतातून उतरला तर वाद संपला. सेक्रेटरीला पत्र लेखीच द्या, तारखेसकट फोटो, आणि पोच घ्या. घरात दम्याचं मूल असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. आणि वरच्यांशी भांडायच्या आधी एकदा त्यांना घरी बोलावून ती भिंत दाखवा, आपल्या बाथरूममुळे खाली एक मूल खोकतंय हे त्यांना बऱ्याचदा माहीतच नसतं.

१६. आम्ही इंग्लंडला भाड्याने राहतो, घरमालक म्हणतो खिडक्या उघडा, तुमच्या स्वयंपाकाची वाफ आहे.

तिथली बुरशी थंडीतली, गार भिंतीवर घरातली वाफ जमते म्हणून येते, त्यामुळे खिडकी थोडा वेळ उघडणं उपयोगाचं आहे. पण सगळं भाडेकरूवर ढकलणं चूक. रॉचडेलला डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला, २०२२ मध्ये कॉरोनरने (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) तसा निर्वाळा दिला आणि त्याच्या नावाने कायदा झाला. ऑक्टोबर २०२५ पासून तो आधी सोशल हाउसिंगला, म्हणजे काउन्सिल किंवा संस्थांच्या कमी भाड्याच्या घरांना लागू झालाय. खाजगी मालक असेल तर लेखी तक्रार करा आणि काउन्सिलच्या पर्यावरण आरोग्य खात्याकडे जा.

१७. गणपतीआधी वरून रंग मारून घेतला तर?

चार महिन्यांत पोपडे निघतील आणि खालून तेच येईल. आधी ओल थांबवा, बुरशी काढा, भिंत सुकवा, मग रंग. छताला मात्र चुन्याची सफेदी अजूनही उत्तम, चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यावर बुरशीला धरता येत नाही. बाथरूमला जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग करू नका, त्याचा कागद भिजला की बुरशीला मेजवानी.

१८. डांबर गोळ्या, कापूर, धूप यांनी बुरशी जाते का?

नाही, फक्त वास झाकला जातो. धुराने दम्याचं मूल आणखी घरघरतं. डांबर गोळ्या तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर मुळीच नको, जी-सिक्स-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि जोराची कावीळ होते.

१९. कुठली बुरशी आहे याची लॅब टेस्ट करून घेऊ का?

पैसे घालवू नका. जात कुठलीही निघाली तरी काम तेच, ओल थांबवा आणि काढा. तेच पैसे प्लंबरला द्या.

२०. कोकणातलं घर वर्षभर बंद असतं, गणपतीला उघडतो तेव्हा सगळीकडे बुरशी. बाबांना दमा आहे, पण ते आल्याशिवाय राहत नाहीत.

बाबांना आणा, पण पहिल्या दिवशी दार त्यांना उघडू देऊ नका. कोणीतरी धडधाकट एक दिवस आधी एन-९५ लावून जाऊ दे. सगळ्या दारं-खिडक्या उघडून निदान अर्धा दिवस घर वारं पिऊ दे, मग ओल्या फडक्याने पुसणं, केरसुणी नंतर. गाद्या, गोधड्या, उशा उन्हात, ऊन नसेल तर बाबांसाठी अंथरूण-पांघरूण मुंबईहूनच न्या. बुरशी आलेली कापसाची उशी टाकूनच द्या, ती धुवून साफ होत नाही. बाबांची झोपायची खोली न्हाणीघरापासून लांबची, पंप आणि स्पेसर (पंपाला लावायची नळी) गाडीत सामानाखाली नव्हे तर त्यांच्या खिशात, आणि जवळचा रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला हे निघायच्या आधी गावात फोन करून विचारून ठेवा.